पावणेपाचचा फटाका

सही करण्याआधी वाचायची सवय मंदाकिनीबाईंना कधीच नव्हती. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने जिथे बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली: बँकेत, रेशनच्या फॉर्मवर, गॅसच्या नंबरासाठी. त्यात कधी नुकसान झालं नाही, कारण दिनकरराव प्रत्येक कागद दोनदा वाचत आणि तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचत. त्यामुळे दसऱ्यानंतर बडोद्याच्या वासण्यातल्या त्यांच्या सोसायटीची सभा भरली आणि ठरावाचा कागद फिरत फिरत त्यांच्यापाशी आला, तेव्हा शेजारच्या विमलबेनशी चकलीच्या भाजणीबद्दल चाललेलं बोलणं न थांबवता त्यांनी सही ठोकून दिली. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

ठराव दिनकररावांचाच होता. ते रिफायनरीतून सेफ्टी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. तिथे वेल्डरला एक ठिणगी पाडायची झाली तरी ‘हॉट वर्क परमिट’ लागे. वाळूची बादली कुठे, पाण्याची नळी कुठे, वारा कुठल्या दिशेचा, हे सगळं भरायचं आणि वर दोघांच्या सह्या घ्यायच्या. तीस वर्षं दुसऱ्यांच्या ठिणग्यांवर पहारा केलेला माणूस घरी बसून काय करणार? तो सोसायटीचा सेक्रेटरी झाला. त्यातच त्या वर्षी, म्हणजे २००५ साली, सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांवर निकाल दिला आणि दिनकररावांना जणू घबाड सापडलं. रात्री दहा ते सकाळी सहा फटाके वाजवायचे नाहीत. चार मीटरवरून आवाज किती डेसिबलच्या वर जायचा नाही, तेही ठरलं. डेसिबल हा शब्द त्या महिन्यात दिनकरराव जेवताना, दाढी करताना आणि देवपूजा करतानाही वापरू लागले होते.

हीच बंदी सोसायटीत पाळायची, या ठरावाचा रोख समोरच्या घरातल्या पीयूषभाईंवर होता, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं. पीयूषभाई हार्डवेअरचे व्यापारी, मनाने उमदे, पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी रात्री दोनपर्यंत माळा लावत. सभेत ते उठून म्हणाले, “सेक्रेटरीसाहेब, दिवाळी तो वरसमां एक ज वार आवे. ने दस पछी ज तो मजा आवे छे.”

“मजा दहाच्या आधी करायची,” दिनकरराव मराठीतच म्हणाले. कायद्याचं बोलताना त्यांना गुजराती सुचत नसे.

पीयूषभाईंनी खांदे उडवले आणि सही केली. बत्तीस घरांच्या बत्तीस सह्या झाल्या. दिनकररावांनी ठराव काचेच्या बोर्डात लावून त्याला कुलूप घातलं.

सभा होऊन आठ दिवस झाले असतील. फतेगंजहून मंदाकिनीबाईंच्या भावाचा फोन आला.

श्रीपतराव त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठे. या दोघा बहीणभावांची एक जुनी चढाओढ होती. नरकचतुर्दशीच्या पहाटे पहिला फटाका कोण वाजवतो? गुजराती शेजाऱ्यांची दिवाळी रात्रीची, पण मराठी घरातली पहाटेची. अंगाला तेल, उटणं, ऊन पाणी, आणि आंघोळ चालू असताना अंगणात फटाका. लहानपणी एकाच घरात असताना दोघं एकमेकांची लवंगीची पाकिटं लपवून ठेवायची. लग्नं झाली, घरं वेगळी झाली, पुढे दोन्हीकडे टेलिफोन आले, आणि चढाओढ टेलिफोनवर गेली. आधी जो फोन लावेल आणि रिसीव्हरमधून धडाम् ऐकवेल, तो त्या वर्षीचा राजा. दोघंही साठी ओलांडून गेले तरी वेळ अलीकडे सरकतच राहिली, ती शेवटी पावणेपाचला येऊन ठेपली. तिकडे रिसीव्हर धरायचं काम निरुपमावहिनींचं. एका हाताने रिसीव्हर, दुसऱ्या हाताने आपला कान घट्ट दाबलेला.

निरुपमावहिनी श्रावणात गेल्या. ताप आला काय आणि चौथ्या दिवशी संपलं काय. मुलगा शुभंकर बंगळूरला. बाबांना चला म्हणून विनवून विनवून तो एकटाच परत गेला होता.

“मंदे,” श्रीपतराव फोनवर म्हणाले, “यंदा आमच्याकडे काही नाही. वर्ष व्हायचंय. आंघोळसुद्धा नेहमीसारखीच करणार, नळाखाली.”

“बरं, दादा.”

“पण तू वाजव. पावणेपाचला फोन कर आणि वाजव. मी नुसता ऐकतो.” ते जरा थांबले. “मी चारला उठतो गं. ती उठायची ना पाणी तापवायला, मला तीच सवय लागलीय. चार ते सहा हे घर खायला उठतं. सहाला दूधवाला येतो, पेपर येतो, मग काही वाटत नाही.”

श्रावणापासून मंदाकिनीबाई रोज फोन करत होत्या. काय हवं, काय पाठवू, जेवलास का, विचारत होत्या. प्रत्येक वेळी ‘काही नको’ हे एकच उत्तर येई. तीन महिन्यांत दादाने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

“वाजवते,” त्या म्हणाल्या. “असा वाजवते की तुला फोनशिवाय ऐकू येईल.”

फोन ठेवून त्या आनंदाने स्वयंपाकघरात गेल्या, तिथे दिनकरराव शंकरपाळी चाखत उभे होते. त्यांना त्यांनी सगळं सांगितलं. दिनकररावांचा चावता जबडा थांबला.

“पावणेपाचला?”

“हो. नेहमीसारखं.”

“सहाच्या आधी बंदी आहे. तू सही केलीयेस.”

“मी?”

“सतरा नंबरला तुझी सही आहे. ठळक.”

मंदाकिनीबाईंनी झारा खाली ठेवला. “अहो, ती बंदी रात्रीची आहे. पीयूषभाईंची.”

“दहा ते सहा म्हणजे दहा ते सहा. मध्ये पहाट येते.”

“पहाट म्हणजे काय रात्र असते?”

“कायद्याच्या दृष्टीने असते.”

यानंतर दोन दिवस घरात जे चाललं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडणात दोन्ही बाजू बोलतात. इथे मंदाकिनीबाई बोलत होत्या आणि दिनकरराव चष्मा पुसत होते. निकाल देणाऱ्यांच्या घरी अभ्यंगस्नान होत नसेल, असं त्या म्हणाल्या. पीयूषभाईंची दिवाळी दहापर्यंत सुखाने होणार आणि आपली मात्र सगळीच्या सगळी बंदीत सापडली, हा कुठला न्याय, असंही म्हणाल्या. सहानंतर वाजवायला दिनकररावांची हरकत नव्हती. सूर्योदय साडेसहाच्या पुढे आहे, शास्त्रातही बसतं, असं त्यांनी एकदा सुचवून पाहिलं.

“सहाला त्याच्याकडे दूधवाला येतो,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “मी चार ते सहाबद्दल बोलतेय.”

दिनकररावांना वाईट वाटत होतं, हे त्यांच्या चष्म्यावरून कळत होतं. काचा पुसून पुसून झिजायची वेळ आली होती. पण बत्तीस माणसांच्या सह्या घेऊन स्वतःच्याच बायकोला सूट द्यायची, हे त्यांच्या हाडात नव्हतं. त्यांचं हे हाड मंदाकिनीबाईंना चाळीस वर्षांपासून माहीत होतं, किंबहुना त्याच्यावरच त्या भाळल्या होत्या, आणि म्हणून त्यांना जास्तच राग येत होता.

तिसऱ्या दिवशी भाजी आणायला म्हणून त्या निघाल्या आणि वाटेत पोलिस चौकीत शिरल्या. आत एक हवालदार वर्तमानपत्रावर शेव-ममरा पसरून बसला होता.

“भाई, सवारे पांच वागे फटाकडो फोडवो होय तो?” पहाटे पाचला फटाका फोडायचा असेल तर, असं त्यांनी विचारलं.

हवालदाराने वर पाहिलं. “माजी, सवारे पांच वागे कोण फटाकडा फोडे?”

“अमे. अमे मराठी.”

“आवाजवाळुं छ वाग्या सुधी बंध.” आवाजाचं सहापर्यंत बंद म्हणजे बंदच.

“एक ज फोडवो छे. कंई तो रस्तो हशे ने?”

“रस्तो?” हवालदाराने ममऱ्याची मूठ तोंडात टाकली आणि तशातच म्हणाला, “कोठी.”

“कोठी चालशे?”

“कोठी ज चालशे. अहीं कंई नहीं थाय. बे लई जजो.”

मंदाकिनीबाईंचा चेहरा उजळला. महाराष्ट्रात ज्याला भुईनळा म्हणतात, जमिनीवर ठेवून वात लावली की ठिणग्यांचं झाड उसळतं तो, त्याला बडोद्यातला मराठी माणूसही गुजरात्यांसारखं कोठीच म्हणतो. म्हणजे धडाम् नाही, पण कोठी चालेल. आणि ती सुरसुरतेही चांगली, फोनजवळ धरली तर ऐकू जाईल. खंडेराव मार्केटच्या बाजूला फटाक्यांच्या गाड्या लागल्या होत्या, तिथून त्यांनी सांगितल्याप्रमाणे दोनच, पण मोठ्यातल्या मोठ्या कोठ्या घेतल्या. भाजी आणायची राहिली.

“पोलिसांनी परवानगी दिली,” घरात पाऊल टाकताच त्यांनी जाहीर केलं आणि कोठ्या टेबलावर मांडल्या. “मी स्वतः विचारून आले.”

दिनकररावांनी काय विचारलं, काय उत्तर मिळालं, शब्द न् शब्द काढून घेतला. मग त्यांनी कपाळाला हात लावला.

“अगं, कोठी म्हणजे कोठी! कलेक्टर कचेरी! परवानगी हवी असेल तर कोठीला जा, म्हणाला तो. इथे काही होणार नाही, आणि दोन घेऊन जा म्हणजे अर्जाच्या दोन प्रती.”

मंदाकिनीबाई मटकन खुर्चीत बसल्या. जन्म बडोद्यात गेला. दाखले, रेशनकार्ड, सगळ्यासाठी कोठीच्या पायऱ्या झिजवल्या. तरी मेलं डोक्यात दिवाळी शिरली की कोठीची कोठी होते. दोघांनाही क्षणभर हसू येत होतं, पण मंदाकिनीबाईंचं हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथे त्याचं रडू झालं.

“त्याने एवढं एकच मागितलं हो,” त्या म्हणाल्या. “मला तेवढंही देता येत नाही.”

दिनकररावांना बायकोच्या रडण्यावर कुठला उपाय करावा हे कधीच सुचलं नव्हतं. त्यामुळे त्यांनी जे सुचत होतं ते केलं. कपाटातून निकालाचे कागद काढले. सायबर कॅफेतून ही चांगली जाडजूड प्रत त्यांनी आणवली होती. “हे बघ, मी मनाचं सांगत नाही. हे इथे लिहिलंय, रात्री दहा ते सकाळी सहा, आवाज करणाऱ्या...” आणि ते थांबले. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. डेसिबलच्या नादात त्या पानावर ते कधी नीट रेंगाळलेच नव्हते.

“काय झालं?”

“आवाज करणाऱ्या फटाक्यांवर बंदी. रंग आणि प्रकाशाच्या फटाक्यांना वेळेचं बंधन घालायची गरज नाही.” त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. “कोठी चालते.”

“चालते?”

“चालते. पावणेपाचलाही चालते.”

त्या दिवसापासून दिनकररावांच्या अंगात वारं शिरलं. जुन्या फायलीतून परमिटचा नमुना काढून त्यांनी स्वच्छ अक्षरात फॉर्म तयार केला. कामाचं स्वरूप: कोठी, नग दोन. काम करणार: सौ. मंदाकिनी. वाळू एक बादली, पाणी दोन बादल्या. जागा: दोन घरांमधला रस्ता. आता जागा म्हटली की जागेच्या प्रमुखाची दुसरी सही आली, आणि त्या रस्त्याच्या पलीकडच्या कडेला पीयूषभाईंचं फाटक होतं. संध्याकाळी दिनकरराव कागद घेऊन त्यांच्याकडे गेले, मागोमाग मंदाकिनीबाईही.

पीयूषभाईंनी तो कागद आधी सुलटा वाचला, मग उलटा करून मागचं कोरं पान वाचलं, मग बायकोला बोलावून दाखवला. “सवारे पोणा पांच वागे? दस पछी अमने ना पाडी, ने तमे चार वाग्यानां उठीने?” दहानंतर आम्हाला मनाई, आणि तुम्ही स्वतः चारला उठून? पण मंदाकिनीबाईंनी श्रीपतरावांचं सगळं सांगितल्यावर त्यांनी खिशाचं पेन काढलं आणि हसू न आणता सही केली. “काकी, हुं जागतो रहीश,” ते म्हणाले. मी जागा राहीन.

नरकचतुर्दशीला पावणेपाचला मंदाकिनीबाई रस्त्यावर उभ्या होत्या, डोक्याला पदर गुंडाळून, हातात पेटती उदबत्ती. दिनकरराव तेल लावलेल्या अंगाने, पंचा नेसून, वाळूच्या बादलीशेजारी हजर होते. कॉर्डलेस फोनला फतेगंज लागलं. पहिल्याच घंटेला उचललं गेलं.

“दादा, मी.”

“हं. बोल.”

“ऐक हं.”

त्यांनी फोन दिनकररावांकडे दिला आणि वाकून वात पेटवली. कोठी सुरसुरली आणि पुरुषभर उंच सोनेरी झाड उसळलं. विजेच्या तारांपर्यंत उजेड गेला. दिनकररावांनी हात लांब करून फोन जितका धरवेल तितका जवळ धरला. मिनिटभराने झाड विझलं.

“ऐकलंस, दादा?”

“काय तळतेस? भजी?”

“कोठी होती. थांब, आणखी एक आहे.”

दुसरी पहिलीपेक्षाही सुंदर निघाली. हिरवी, मग लाल. मंदाकिनीबाईंनी आता फोन स्वतःच धरला, ठिणग्या पदरावर येईपर्यंत. विझल्यावर कानाला लावला.

“आलं ऐकू,” श्रीपतराव म्हणाले. उपचाराचा, समजूतदार, पाहुण्याशी बोलावं तसा आवाज. “छान होतं. थंडीत उभी राहू नकोस, जा आत. ठेवतो मी.”

“दादा, ठेवू नकोस.”

“नाही, झालं ना आता. ठेवतो.”

मंदाकिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातातल्या उदबत्तीला आता काही काम उरलं नव्हतं. रस्ता पुन्हा काळोखा झाला होता. सहाला अजून सव्वा तास होता.

दिनकररावांनी त्यांच्या हातून फोन घेतला. तो तोंडासमोर आणला. घसा खाकरला. आणि तीस वर्षं ज्याने साधं दारसुद्धा आपटून लावलं नव्हतं, त्या माणसाने पोटाच्या तळापासून, मान मागे टाकून, आरोळी ठोकली:

“धडाम्!”

तीन घरांत दिवे लागले. कुठेतरी कुत्रं भुंकू लागलं. विमलबेनच्या खिडकीतून “कोण छे, कोण छे” ऐकू आलं. पीयूषभाई शाल पांघरून फाटकाशी उभेच होते, ते कोपरावर टेकून शांतपणे म्हणाले, “सेक्रेटरीसाहेब, केटला डेसिबल?”

“निकाल फटाक्यांबद्दल आहे,” दिनकरराव धापा टाकत म्हणाले. “माणसाबद्दल त्यात काही नाही.” आणि तरीसुद्धा ते लाजेने कानापर्यंत लाल झाले होते.

फोनवर काहीच नव्हतं. मंदाकिनीबाईंनी तो परत कानाला लावला. ठेवला असेल दादाने. मग खरखर आली, मग खोकल्यासारखं काहीतरी, आणि मग त्यांना कळलं की तो खोकला नाही. दादा हसत होता. श्रावणापासून न ऐकलेलं ते हसू, मध्येच अडकून पुन्हा सुरू होणारं.

“दिनकररावांची वात ओली होती म्हणावं,” श्रीपतराव कसेबसे म्हणाले. “अर्ध्यात फुसकन गेली.”

“आणि तुझी?” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “तुझी काय रे?”

तिकडे श्वास भरून घेतल्याचा आवाज आला. मंदाकिनीबाईंनी फोन कानापासून दूर धरला, म्हणून बरं झालं. फतेगंजच्या शांत रस्त्यावरल्या दादाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून असा काही ‘धडाम्’ आला की पीयूषभाईंना तो पलीकडे फाटकाशी ऐकू गेला, आणि त्यांनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या.

“माझा मोठा,” श्रीपतराव म्हणाले.

“आमचा आधी,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि ते त्यांनी लपवलं नाही.

मग श्रीपतराव म्हणाले, “मंदे, मी पाणी तापवलंय. चारलाच ठेवलं होतं. का ठेवलं कोणास ठाऊक. आता पातेलंभर कढत पाणी आहे, आणि पाठीला तेल लावायला हात पोचत नाही.”

“गॅस बारीक कर,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “मी येतेय.”

त्यांनी आतून तेलाची वाटी आणि उटण्याची पुडी आणली. दिनकररावांनी पंच्यावरच सदरा चढवला, डोकं तेलाने निथळत असताना स्कूटर बाहेर काढली आणि किक मारली. ती सहाव्या किकला, दणदणत, साऱ्या सोसायटीला उठवत चालू झाली.